इनेझच्या चोवीस पट्ट्या

काळूरामच्या टांग्याचा घोडा नंदाखालच्या वळणावर थांबला तो थांबलाच. काळूरामने लगाम ओढला, चाबूक हवेत फिरवला, घोड्याच्या आईबापांचा उद्धार केला. घोडा ढिम्म. कान तेवढे टवकारलेले, आणि शेपटी — खोटं वाटेल, पण मागे बसलेल्या युजीनने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली — तालात डावी-उजवी हलत होती.

"काय झालं रे त्याला?"

"काय नाय झाला. पोरीची पेटी चालू हाय," बीडी पेटवत काळूराम म्हणाला. "ती थांबल्याबिगर हा हलनार नाय. उतरा, पानी पिऊन या. मी पन जरा पाठ टेकतो."

युजीन हत्यारांची पिशवी घेऊन उतरला. मूळचा जवळच्या पापडी गावचा हा पोरगा भायखळ्याच्या एका वाद्यांच्या दुकानात पियानो आणि पायपेट्या दुरुस्त करायचा. नंदाखालच्या चर्चमधली जुनी पायपेटी किती वर्षं मुकी पडली होती ते कुणालाच आठवत नव्हतं. गाणाऱ्यांचा कॉयर आपला वायोलिनवर भागवत होता. उपासाच्या चाळीस दिवसांत चर्चमध्ये तसंही वाजवणं बेताचंच. तेवढ्यात ती बोलती करायची आणि ईस्टरच्या मिस्साला वाजवायची, असं फादरांनी ठरवलं होतं. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा फेब्रुवारी तो. केळीच्या बागांतून दुपारचा वारा येत होता, पाटाच्या पाण्याचा गार वास घेऊन. आणि त्या वाऱ्यावर…

युजीन जागीच उभा राहिला. हे? इथे?

दोन-अडीचशे वर्षांपूर्वी एका जर्मन ऑर्गनवाल्याच्या डोक्यात आलं, की सप्तकातल्या बाराही सुरांना पाळीपाळीने घर मानायचं, प्रत्येक घरात एक हसरी आणि एक उदास, अशा चोवीस पट्ट्या धरायच्या, आणि प्रत्येक पट्टीत एक जोडी रचायची. आधी प्रिल्यूड, मग फ्यूग. प्रिल्यूड म्हणजे ओट्यावर बसून मोकळ्या गप्पा. फ्यूग म्हणजे पाठशिवणी. एक आवाज एक वाक्य बोलून पळतो, दुसरा तेच वाक्य बोलत त्याच्यामागे लागतो, मग तिसरा… आणि गंमत अशी की एकमेकांना न तुडवता सगळे एकाच दारातून घरात शिरतात. या चोवीसांतल्या काळी एकचं नाव काढलं की दुकानात येणाऱ्या भल्याभल्या पियानो-मास्तरांना घाम फुटायचा. त्यात काळ्या पट्ट्यांवरून बोटं उतरतच नाहीत. आणि इथे कुणीतरी तीच काळी एक घोड्याला झोपाळ्यावर बसवल्यासारखी वाजवत होतं!

वाडीच्या फाटकातून तो आत गेला. ओट्यावर फुलाफुलांच्या फ्रॉकमधली एक मुलगी डोळे मिटून वाजवत होती. तिच्यापुढे शिलाई मशीनचा लोखंडी सांगाडा, सांगाड्यावर हार्मोनियम, आणि मशीनच्या पायडलला जोडलेला लोहाराचा भाता. या पेटीतून पूर्वी सुरांबरोबर टाकेही पडायचे, असं गावात सांगतात. ते सोडून देऊ.

युजीनची नजर तिच्या बोटांवर गेली… आणि तिथेच अडकली. कान म्हणत होते काळी एक. बोटं मात्र पांढऱ्या पट्ट्यांवर खुशाल हिंडत होती.

फ्यूग संपली. वळणावर टांग्याची घुंगरं वाजली. मुलीने डोळे उघडले.

"पाणी हवंय ना? घोडा थांबला असणार."

"तुम्ही… हे काय वाजवत होता?"

"काळी एक. हसरी." ती तांब्या पुढे करत म्हणाली. "आता उदास ऐकायची? की दुसरी कुठली आणू? चोवीसच्या चोवीस आहेत माझ्याकडे. नाव घ्या, हजर करते."

"कुठलीही?"

"घाबरता कशाला, बोला ना!"

"काळी… तीन."

तिने पेटीच्या कडेचा खटका उचलला. अख्खी पट्ट्यांची फळी उजवीकडे सरकवली — खट्, खट्, खट्, खट्, खट् — आणि बोटं पुन्हा तिथेच ठेवली. त्याच पांढऱ्यांवर. वाजायला लागली काळी तीन.

युजीनला पाण्याचा जोरदार ठसका लागला.

"अहो, सावकाश! एवढं काय?" ती हसली. हसताना तिच्या उजव्या गालावर एवढीशी खळी पडली, आणि युजीनला दुसरा ठसका लागला. त्याचं कारण मात्र वेगळं होतं.

"ही पेटी… सरकती आहे," तो कसाबसा म्हणाला.

"मग? सरकली नाही तर चोवीस पट्ट्या वाजणार कशा?" तिने त्याच्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या लहान मुलाने, विहिरीला पाणी का असतं, म्हणून विचारावं. "ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी मला बांद्र्याला बोलावलंय. कॉन्व्हेंटमध्ये संगीत शिकवायची जागा आहे. एक पट्टी आपल्या मनाची वाजवायची, एक सिस्टर सांगेल ती. त्यांच्याकडे पियानो आहे म्हणे. तुम्ही बघितलाय कधी पियानो?"

"रोज बघतो. दुरुस्त करतो."

"खरंच?" तिचे डोळे एवढे मोठे झाले. "मग सांगा ना! पियानो कसा असतो?"

खरं सांगायची हीच ती वेळ. युजीनने तोंड उघडलं.

"मोठा असतो," तो म्हणाला.

आणि तांब्या परत करून टांग्याकडे पळाला.

मुलीचं नाव इनेझ. फर्डिनंड केळीवाल्याची धाकटी. फर्डिनंडचं बोलणं अख्ख्या गावाला पाठ होतं. "पोर बांद्र्याला लागली तर तिचं नशीब ती बघेल. नाही लागली तर ईस्टर झाल्याबरोबर व्हिन्सेंटच्या घरी होकार." व्हिन्सेंट कुवेतला होता. माणूस चांगला, फक्त संगीत ऐकलं की त्याचं डोकं दुखायचं. मागच्या सुट्टीत तो अर्धा तास ओट्यावर बसला आणि शेवटी इनेझला म्हणाला, "लग्नानंतर हे बंदच होईल ना?"

आणि या सगळ्याच्या मुळाशी होते क्लेमेंटबाबा, फर्डिनंडचे काका. दुसऱ्याच दिवशी ते काठी टेकत चर्चमध्ये आले आणि उघड्या पायपेटीत डोकं घालून बसले.

"आमच्या इनेझची ऐकलीस ना रे, पोरा? तरुणपणी मी मुंबईत एका जर्मन फादरकडे स्वयंपाकाला होतो. जाताना त्यांनी मला ते पुस्तक दिलं. मी डो-रे-मी करत अख्खं पाठ केलं, आणि मग ते वाळवीने खाल्लं. इनेझ सात वर्षांची असल्यापासून मी तोंडाने गायचो, ती बोटांनी उचलायची. एक आवाज मी, दुसरा तिची आई आल्बिना. तिसऱ्याला माणूस मिळेना, तेव्हा आमची म्हैस…"

"म्हैस?"

"सूर जरा खाली लागायचा तिचा. पण वेळेवर यायची." बाबांनी मान डोलावली. "लोक म्हणतात चोवीस पट्ट्या अवघड. अरे, त्या जर्मन माणसाकडे सरकती पेटी असणारच! नाहीतर एवढ्या पट्ट्यांत बोटं मोडून घ्यायला तो काय वेडा होता?"

युजीन हातातल्या पितळी सुराच्या पातीला फुंकर मारत राहिला. त्या वेड्या माणसाला नेमकी बोटंच मोडून घ्यायची होती, हे या म्हाताऱ्याला कसं सांगायचं? फळी जागची हलत नाही. हातालाच चोवीस घरं हिंडावी लागतात, हे? क्लेमेंटबाबांनी मात्र अख्खं घरच उचलून पोरीपुढे आणून ठेवलं होतं, चोवीस वेळा, मोठ्या प्रेमाने.

उद्या सांगू, त्याने ठरवलं.

उद्या इनेझ डबा घेऊन आली. तांदळाची भाकरी, केळफुलाची भाजी. "बाबांनी पाठवलंय," ती म्हणाली. क्लेमेंटबाबांना डब्याचा पत्ताही नव्हता, हे डबा बघूनच कळत होतं. बाबांनी भाजीवर एवढं खोबरं घालू दिलं नसतं.

"एक विचारू?" युजीन जेवत असताना तिने बाकाच्या टोकावर बसून विचारलं. "फ्यूगमध्ये दुसरा आवाज नेहमी उशिरा का येतो?"

"पहिल्याला जरा पुढे जाऊ द्यायला."

"आणि पकडतो कधी?"

"…शेवटच्या ओळीत."

"अय्या! तोवर नुसता मागे मागे?"

"मागे नाही. बरोबरच. थोडं अंतर ठेवून."

"चर्चमध्ये अंतर ठेवलेलं बरंच," ती म्हणाली आणि रिकामा डबा दोघांच्या मध्ये ठेवला. मग पाय हलवत छताकडे बघत राहिली. युजीनला सांगायचं होतं ते घशापर्यंत आलं, केळफुलाच्या भाजीला भेटलं आणि परत खाली गेलं.

ती रोज यायला लागली. रोज विचारायची, "झाली का पेटी? मला हिच्यावर हात टाकून बघायचाय." आणि रोज युजीन एक नवीन थाप मारायचा. भात्याला उंदराएवढं भोक होतं, ते त्याने सांगताना मांजराएवढं केलं. मग सुरांना गंज चढला. मग भायखळ्याहून यायचं कातडं वाटेत हरवलं. पेटी केव्हाच तयार झाली होती. इनेझ वाजवायला बसली की तिला कळणार, या भीतीने तो रोज पेटीची दोन-चार हाडं काढून ठेवायचा.

सांगितलं तर हे डोळे पुन्हा असे हसणार नाहीत. नाही सांगितलं तर बांद्र्याला, परक्या लोकांसमोर… आणि मग ईस्टर, आणि मग व्हिन्सेंट. त्याचं जेवण कमी झालं. फादरांना वाटलं, पोरगा उपास फार मनावर घेतोय. त्यांनी प्रवचनात त्याचं उदाहरण दिलं.

एका शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपून माणसं पांगली. युजीन पायपेटीखाली उताणा पडून भात्याला सरस लावत होता; त्या दिवशीची हाडं काढायची अजून राहिली होती. तेवढ्यात त्याच्या कानाशी दोन चपला आल्या, पायडल दबलं आणि पेटी मोठ्याने गायला लागली. पांढरी एक, हसरा प्रिल्यूड. दचकून उठताना त्याचं कपाळ फळीवर आपटलं.

"झालीय की ही!" इनेझ आनंदाने ओरडली. "कसली गोड आहे… आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत! लबाड!"

"इनेझ…"

"थांबा हो!" ती वाजवत राहिली. खिडकीच्या रंगीत काचांतला उजेड तिच्या मनगटांवर नाचत होता. प्रिल्यूड संपला. तिने फ्रॉकला हात पुसले आणि पेटीची डावी कड चाचपली. मग उजवी. मग वाकून खालची.

"खटका कुठे हिचा? सरकवायची कुठून?"

युजीन कपाळ चोळत फळीखालून बाहेर आला.

"मोडलाय का?"

"नाही." त्याने सरसाचं भांडं खाली ठेवलं. "हिला नसतो तो. ही… सरकत नाही."

"जुनी आहे म्हणून?"

"कुठलीच सरकत नाही, इनेझ. फक्त तुमची."

तिने पेटीची फळी एकदा हलवून बघितली. बाहेर नारळाच्या झावळ्या एकमेकींवर घासत होत्या.

"पियानो?" तिने हळूच विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

"म्हणजे काळी एक वाजवायची तर…"

"काळ्यांवरूनच वाजवावी लागते. प्रत्येक पट्टीला बोटं वेगळी."

"म्हणजे मला चोवीस येत नाहीत." तिने आपल्या हातांकडे बघितलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. "पांढरी एकच्या दोन येतात. हसरी आणि उदास. बस."

"बावीस तुमच्या कानात आहेतच की. असा कान मी—"

"बांद्र्याला कान घेऊन बसू का?" आवाज फाटला तिचा. मग एकदम ती थांबली. "तुम्हाला कधी कळलं?"

युजीनला या वेळी एकही थाप सुचेना.

"पहिल्या दिवशी. पाणी प्यायलो तेव्हा."

"आणि रोज डबा खात होतात," इनेझ म्हणाली.

ती गेली. चपलांचा आवाजही मागे राहिला नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते युजीनला विचारू नये. डबा बंद. वाडीवरून पेटीचा सूर बंद. काळूरामचा घोडा वळणावर येऊन सवयीने थांबायचा, कान टवकारायचा, आणि काहीच ऐकू न आल्यावर अशी मान खाली घालायचा की काळूराम त्याला उसासे टाकू नको म्हणून दटावायचा. युजीन दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आला. एकदा क्लेमेंटबाबांनी त्याला गाठलंच. "पोरीचं डोकं दुखतंय म्हणे रोज. बांद्र्याची धास्ती, दुसरं काय! तू जरा धीर दे तिला." युजीनने मान डोलावली आणि घरी जाण्याऐवजी सरळ विरुद्ध दिशेला चालायला लागला.

मग एका दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, चर्चचं बाजूचं दार वाजलं. इनेझ. हातात डबा नव्हता.

"बाबांना काही कळता कामा नये," ती दारातूनच म्हणाली. "त्यांनी आयुष्य घातलंय त्यात. आणि मला एक पट्टी शिकवा. खरी. बाकी काही बोलायचं नाही."

"कुठली?"

"सिस्टर कुठली सांगेल?"

"काय सांगता येतं… पण सुरुवातीला बहुतेक पांढरी दोन विचारतात. त्यात दोनच काळ्या नेमाने लागतात."

"बहुतेक," ती कडवटपणे म्हणाली आणि बसली.

वरवर दोनच काळ्या, पण त्या दोन तिच्या हाताला दोन डोंगरांसारख्या. डोळे मिटले की बोटं पळून पांढरी एकच्या आपल्या घरी जायची. ती ओठ चावायची, पुन्हा सुरू करायची, पुन्हा घसरायची. एकदा तिने दोन्ही हात पट्ट्यांवर असे आपटले की वळचणीची कबुतरं उडाली.

"तुम्ही वाडीत पाटांवरून जाता ना," न राहवून युजीन म्हणाला, "पाटात पाय न भिजवता, या वाफ्यावरून त्या वाफ्यावर? बघता का तेव्हा खाली?"

"नाही."

"कारण पाट कुठे आहे ते पायाला माहीत असतं. तेवढंच करायचंय."

"बोलायचं नाही ठरलं होतं."

"हे संगीतातलं बोलणं होतं."

पुढची ओळ ती पाट ओलांडल्यासारखी ओलांडून गेली, आणि मग घाईने म्हणाली, "थांबू नकोस रे, पुढचं सांग!" नकोस… रे… युजीनच्या कानशिलांत रक्त उसळलं. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. की आलं होतं? आठवण करून दिली तर परत 'तुम्ही' होईल, म्हणून तो मुकाट्याने पुढचं सांगत राहिला.

आता त्याला पेटी दुरुस्त होऊ द्यायचीच नव्हती, पण कारण बदललं होतं. तिला रोज दुपारी ती हवी होती. म्हणून रोज संध्याकाळी तो एक पितळी सूर काढून खिशात घालायचा आणि फादरांना म्हणायचा, अजून एक सूर बोलत नाही. फादरांच्या बंगल्यावर भायखळ्याहून दुकानाच्या मालकाचे फोन यायला लागले. मालक फोनवर एवढे ओरडायचे की फोनशिवायही नंदाखालला ऐकू आलं असतं. गावातल्या म्हाताऱ्याही कुजबुजायला लागल्या, उपासाच्या दिवसांत चर्चमधून दुपारी हे नाचरं काय वाजतं? फादर एकदा जवळ येऊन म्हणाले, "युजीन, तुमच्या खिशात काय खुळखुळतंय?" युजीन म्हणाला, "किल्ल्या." फादरांनी त्याच्याकडे बघितलं, मग रिकाम्या बाकाकडे, जिथे केसांत माळायच्या मोगऱ्याची एक कळी पडली होती. "लवकर कुलूप उघडा मग," म्हणाले आणि निघून गेले.

बांद्र्याच्या आदल्या दुपारी ती पांढरी दोन पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाच, फक्त एकदाच, न अडखळता वाजवू शकली. युजीनने खिशातला सूर जागेवर बसवला. पेटी पुरी झाली.

"उद्या मी येऊ?" त्याने विचारलं. "मला भायखळ्याला जायचंच आहे… वाटेवर आहे."

"रस्ता काही माझा नाही," ती म्हणाली. पण म्हणताना तिने त्याच्या कपाळावरच्या अजून न उतरलेल्या टेंगळाकडे बघितलं, आणि खळी पडता पडता राहिली.

कॉन्व्हेंटच्या कुंपणाबाहेर पिंपळाच्या पारावर दोन पुरुष बसले होते. एक युजीन. दुसरा फर्डिनंड, त्याच्या मांडीवर केळ्यांची अख्खी फणी. सिस्टरला द्यायला आणलेली ती फणी इनेझने आत न्यायला साफ नकार दिला होता. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडी होती.

पांढरी एक सुरू झाली. स्वच्छ, हसरी, एकही बोट इकडचं तिकडे नाही. आधी प्रिल्यूड, मग फ्यूग.

"झ्याक!" फर्डिनंड म्हणाला. "झालं काम. चल."

"अजून एक आहे."

आतून कुणीतरी काही बोललं. मग दोन सूर वाजले, वेडेवाकडे, अंधारात भिंत चाचपल्यासारखे. आणि थांबले.

पांढरी दोन नव्हती ती. सिस्टरने दुसरीच काहीतरी मागितली होती.

"का थांबली?"

"…विचार करत असेल."

"वाजवताना कसला विचार?" फर्डिनंडने त्याच्याकडे नीट बघितलं. "तू का पांढरा पडलास रे? परीक्षा तुझी आहे की तिची?"

"तिची," युजीन म्हणाला.

शांतता संपेना. एक कावळा आला, फणीकडे बघून गेला. फर्डिनंडने एक केळं तोडलं, सोललं, न खाता हातात धरून ठेवलं. "व्हिन्सेंटच्या आईला मी ईस्टरच्या सोमवारी या म्हटलंय," तो हळूच म्हणाला. "पोरगा वाईट नाही. पण हल्ली पोर घरात वाजवत नव्हती ना, तेव्हा… घर कसं बंद पडल्यासारखं वाटत होतं." आणि ते सोललेलं केळं त्याने युजीनच्या हातात दिलं. युजीनने ते पेन्सिलीसारखं धरलं.

मग वरून एक मोठं हसणं ऐकू आलं. बाईमाणसाचं, पोट धरून हसल्यासारखं. युजीन ताडकन उभा राहिला. तिला हसतायत! सरळ वर जावं आणि…

आणि पांढरी दोन सुरू झाली. पहिला आवाज… दुसरा… मध्येच पाय पाटात गेला. थांबली. युजीनने डोळे घट्ट मिटले. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी ओलांडली. शेवटपर्यंत.

इनेझ जिना उतरून आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

"बोल की, बाय!" फर्डिनंड म्हणाला.

"सिस्टरने काळी तीन मागितली." ती युजीनकडे बघत होती. "मी दोन सूर वाजवले आणि उठले. सगळं सांगितलं. पेटी सरकते ते, बाबा, आई, म्हैस… सगळं."

"आणि ती हसली," युजीन म्हणाला. त्याच्या मुठीत केळ्याचा लगदा झाला होता.

"खूप हसली. मग डोळे पुसून म्हणाली, असा कान कुणी तयार केला त्या माणसाला मला भेटायचंय. मग म्हणाली, येतं तेवढं वाजव." इनेझने श्वास घेतला. "मोठ्या मुलींची जागा नाही मिळाली."

फर्डिनंडचे खांदे पडले.

"छोट्यांची मिळाली. पहिली-दुसरीच्या मुली. त्यांचे हात एवढेसेच, त्यांना वर्षभर पांढरी एकच शिकवायची असते. जूनपासून. पण एक अट आहे. दर टर्मला मी एक नवीन पट्टी बसवून सिस्टरला वाजवून दाखवायची. खरी."

"किती राहिल्या?" फर्डिनंडने विचारलं.

"एकवीस."

"वर्षाला टर्म किती?"

"दोन."

फर्डिनंड केळ्यांचा हिशेब रोज करायचा. त्याला वेळ लागला नाही. "अगो, ही तर साडेदहा वर्षं झाली! तोवर शिकवणार कोण तुला?"

"मी," युजीन म्हणाला. आवाज एवढा मोठा निघाला की पारावरची चिमणी उडाली.

फर्डिनंडने आधी त्याच्याकडे बघितलं, मग इनेझकडे. ती फ्रॉकवरची न पडलेली धूळ झटकत होती. "व्हिन्सेंटच्या आईला निरोप द्यायला पाहिजे," तो स्वतःशीच पुटपुटला आणि उरलेली फणी उचलून मुद्दाम जरा पुढे चालायला लागला. पण कान मागेच ठेवून.

"साडेदहा वर्षं?" इनेझने हळूच विचारलं. "पुरतील तुला?"

"इनेझ, एक सांगायचं होतं." युजीनने पुढे जाणाऱ्या फर्डिनंडकडे एकदा बघितलं. "त्या माणसाने… चोवीस झाल्यावर… पुढे म्हातारपणाकडे झुकताना… आणखी चोवीस लिहिल्या. पुन्हा सगळ्या पट्ट्यांत. एकूण अठ्ठेचाळीस आहेत."

ती थबकली.

"थाप?"

"नाही. शपथ."

इनेझ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याची केळ्याने बरबटलेली मूठ उघडली, स्वतःचा रुमाल काढला आणि एकेक बोट सावकाश पुसायला लागली — अंगठ्यापासून, काही घाई नसल्यासारखी.

"या वेळी लगेच सांगितलंस," ती म्हणाली.